‘आता घरी न्या’ असे सांगितल्यानंतर

पसरलेल्या कर्करोगाच्या रुग्णाचे नातेवाईक एक दिवस डॉक्टरांसमोर बसलेले असतात आणि डॉक्टर सांगतात, ‘‘आता आणखी केमो देऊन फायदा नाही. घरी न्या, सेवा करा.’’ कागद हातात पडतो, पिशवी भरली जाते, माणूस गावी परततो. घरच्यांच्या लेखी उपचार इथे संपतात. रुग्णाच्या वाट्याला मात्र यापुढचे काही आठवडे, कित्येकदा काही महिने आणि काही प्रकारच्या कर्करोगांत वर्ष-दोन वर्षेही येतात. या काळात दुखणे असते, झोप उडालेली असते, घास गिळवत नाही. त्याखेरीज मनात प्रश्नांचे काहूर असते. मी किती दिवसांचा? धाकटीचे लग्न कोण करील? घरावर कर्ज झाले ते माझ्यामुळेच ना? या प्रश्नांसाठी कोणत्याही दवाखान्यात खिडकी नसते.

लातूर जिल्ह्याच्या टोकाला, कर्नाटकाच्या सीमेवर असलेल्या देवणी तालुक्यात ही अडचण जास्त जाणवते. तालुक्याचे नाव बैलांच्या देवणी जातीमुळे देशभर माहीत आहे. पण कर्करोगाच्या उपचारांसाठी तालुक्याबाहेर पडावेच लागते. कोणी लातूरला विवेकानंद रुग्णालयात जातो, कोणी बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयात, कोणी छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात, कोणी हैदराबादला. ज्याला जमते तो उदगीरहून रात्रीच्या गाडीने मुंबईला टाटा रुग्णालयात पोहोचतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेमुळे शस्त्रक्रिया, केमो आणि शेक यांच्या खर्चाचा भार पुष्कळ हलका झाला. पण आजार पुढे गेल्यावर, चालवतही नसलेल्या माणसाला केवळ मन मोकळे करण्यासाठी शंभर किंवा पाचशे किलोमीटर कोण नेणार? मग तो घरातल्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहतो आणि घरचे म्हणतात, ‘‘बोलतच नाहीत हो आता.’’

अशा रुग्णापर्यंत मोबाईलवरून मानसिक आधार पोहोचवता येईल का, हा प्रश्न आता जगभर गांभीर्याने अभ्यासला जातो आहे. त्याचे उत्तर होकाराच्या बाजूने आहे. मात्र त्याला एक अट आहे आणि ती समजून घेतली नाही तर सगळा खटाटोप वाया जाऊ शकतो.

दुखणे एकट्या शरीराचे नसते

लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू करणाऱ्या डॉ. सिसिली साँडर्स यांनी ‘संपूर्ण वेदना’ ही कल्पना मांडली. शरीराचे दुखणे, मनाची घालमेल, घराची व पैशाची चिंता आणि ‘हे माझ्याच वाट्याला का’ हा प्रश्न, ही चारही दुखणी एकमेकांना वाढवत असतात. रात्रभर चिंतेने जागलेल्या माणसाला सकाळी गाठ जास्त ठणकते. त्याचप्रमाणे ठणका थांबला नाही तर धीराचे चार शब्दही कानात शिरत नाहीत. या चारही अंगांची एकत्र काळजी घेणे म्हणजे पॅलिएटिव्ह केअर, मराठीत परिहार सेवा. भारतातले पहिले हॉस्पिस, शांती आवेदना सदन, १९८६ साली मुंबईत सुरू झाले. टाटा रुग्णालयात या सेवेचा स्वतंत्र विभाग आहे. पुण्यातील सिप्ला पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ पासून काम करते.

परिहार सेवा घेणाऱ्या रुग्णांच्या अनेक देशांतल्या पाहण्या एकत्र केल्या तेव्हा साधारण सहापैकी एका रुग्णाला औषधोपचार किंवा समुपदेशन लागेल इतके नैराश्य आढळले. ‘एवढा मोठा आजार आहे, उदास वाटणारच’ असे म्हणून ते सोडून दिले जाते. दुःख होणे स्वाभाविक आहे. नैराश्य हा मात्र वेगळा आणि उपचाराने उतरणारा त्रास आहे. दुःखी माणूस नातवंड जवळ आले की क्षणभर खुलतो. नैराश्यात बुडालेल्याला नातवंडही नकोसे होते. तो औषध नाकारतो, जेवण नाकारतो, ‘माझ्यामुळे सगळ्यांना त्रास’ असे पुन्हा पुन्हा म्हणतो.

चार गोष्टींवर बोलणे

कॅनडात टोरांटोच्या प्रिन्सेस मार्गारेट कर्करोग केंद्रात डॉ. गॅरी रॉडिन आणि सहकाऱ्यांनी वाढलेल्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी ‘काम’ नावाची संवादपद्धती तयार केली. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ शांत असा होतो. तीन ते सहा महिन्यांत तीन ते सहा बैठका आणि त्यांत चार विषय: त्रास आणि उपचार कसे सांभाळायचे व डॉक्टरांशी कसे बोलायचे, आजाराने स्वतःत आणि नात्यांत काय बदलले, आता जगण्याला अर्थ कशात आहे, आणि पुढचा काळ, आशा व मृत्यू. ३०५ रुग्णांवर तिची चाचणी झाली आणि निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. नेहमीच्या उपचारांबरोबर या बैठका मिळालेल्यांमध्ये नैराश्याची लक्षणे तीन आणि सहा महिन्यांनी कमी आढळली आणि शेवटच्या काळाची मनाची तयारीही अधिक झालेली दिसली. या पद्धतीचे इंटरनेटवरून, मार्गदर्शकाच्या सोबतीने चालणारे रूपही पुढे तयार करण्यात आले.

हे चार विषय परके नाहीत. देवणीतल्या एखाद्या शेतकऱ्याच्या तोंडी ते वेगळ्या शब्दांत येतात, एवढेच. ‘‘गोळी घेतली की मळमळ होते, डॉक्टरला सांगू का नको?’’ हा पहिला विषय. ‘‘काल-परवापर्यंत नांगर धरत होतो, आता लेकरू पाणी पाजतंय’’ हा दुसरा. ‘‘येळवशीला एकदा शेतात जाऊन आंबील घ्यावी वाटते’’ हा तिसरा. ‘‘वावर दोघांच्या नावावर करून टाकतो, मागं भांडण नको’’ हा चौथा. फरक असा की घरात यातले काही निघाले की ‘‘असं वंगाळ बोलू नका’’ म्हणून लगेच विषय बदलला जातो. समुपदेशकाचे काम म्हणजे विषय न बदलता ऐकणे आणि त्यातून आज, या आठवड्यात काय करता येईल ते रुग्णासोबत शोधणे. वेळ अमावस्येला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी टाकून शेतापर्यंत नेता येईल का, हाही उपचाराचाच भाग ठरतो.

पडद्यावरून हे जमते का?

अमेरिकेतल्या २२ केंद्रांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग पसरलेल्या १,२५० रुग्णांची एक मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. निम्म्या रुग्णांना परिहार सेवेचे डॉक्टर प्रत्यक्ष भेटत, निम्म्यांना व्हिडिओ कॉलवर. दोन्ही गटांतल्या रुग्णांचे जीवनमान सारखेच सुधारलेले आढळले. म्हणजे ज्याला प्रवास झेपत नाही त्याला पडद्यावरची भेट ही दुय्यम प्रतीची सेवा मानण्याचे कारण नाही.

त्याआधी, २०१७ साली, अमेरिकेतच ७६६ रुग्णांच्या अभ्यासाचा निष्कर्ष जाहीर झाला होता. कर्करोग शरीरात पसरलेले हे रुग्ण केमो घेत असताना आपले त्रास संगणकावर नोंदवत. त्रास वाढल्याची नोंद झाली की परिचारिकेला सूचना जाई आणि ती पुढची हालचाल करी. नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणाऱ्यांचे मध्यम आयुर्मान २६ महिने होते, तर नोंदी करणाऱ्यांचे ३१.२ महिने. हा फायदा नोंदवहीचा नव्हता. नोंद पाहून उठणाऱ्या परिचारिकेचा होता.

सुरुवातीला सांगितलेली अट ती हीच. मार्गदर्शक असलेला ऑनलाइन आधार आणि मार्गदर्शकाविना नुसते ॲप यांची तुलना नैराश्याच्या अनेक चाचण्यांत झाली आहे. एकंदरीत मार्गदर्शक असेल तिथे परिणाम जास्त दिसतो. त्रास जितका तीव्र तितका हा फरक मोठा. माणूस कोणासाठी तरी धडा पूर्ण करतो, कोणाला तरी सांगण्यासाठी मनातले शोधतो. आठवड्याला एक फोन येणार आहे आणि मागच्या वेळी काय बोलणे झाले ते तिकडच्या माणसाला आठवते आहे, ही खात्रीच आधाराचा मोठा भाग असते.

मार्गदर्शक कोठून आणायचे?

मानसोपचारतज्ज्ञ मोठ्या शहरांत आहेत. प्रत्येक रुग्णासाठी तज्ज्ञ मिळेपर्यंत थांबायचे तर देवणीची पाळी कधीच येणार नाही. यावर उत्तर शेजारच्या गोव्यात सापडले. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘संगत’ या संस्थेने डॉ. विक्रम पटेल यांच्या मार्गदर्शनाखाली मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण दिले. त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, मध्यम ते तीव्र नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ बैठका केल्या. रोजच्या जगण्यात छोटी, जमणारी, मनाला बरी वाटणारी कामे पुन्हा सुरू करणे हा त्यांचा गाभा होता. ४९५ रुग्णांच्या या चाचणीत तीन महिन्यांनी बैठका मिळालेल्यांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. ते कर्करोगाचे रुग्ण नव्हते, पण स्थानिक, प्रशिक्षित आणि देखरेखीखाली काम करणारा साधा माणूस काय करू शकतो, हे त्यातून कळते.

मराठवाड्यालाही असा अनुभव नवा नाही. आजच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा जो अभ्यास झाला, त्यात १,३१,७४६ स्त्रियांचा समावेश होता. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेले त्याचे निष्कर्ष जगभर गाजले. गावोगावी जाऊन बायकांना तपासणीसाठी तयार करणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्यांशिवाय एवढा मोठा अभ्यास उभा राहिला नसता.

देवणी तालुक्यात, वलांडीसारख्या मोठ्या गावापासून लहान तांड्यापर्यंत, अशी माणसे आजही आहेत. आशाताई प्रत्येक घर ओळखते. आयुष्मान आरोग्य मंदिर झालेल्या उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी असतो आणि तिथे देण्याच्या १२ सेवांच्या यादीत परिहार सेवाही आहे. उपकेंद्रातून ई-संजीवनीवर दूरच्या डॉक्टरांशी बोलता येते. मानसिक त्रासासाठी ‘टेलिमानस’ ही सरकारी दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी, विनाशुल्क आणि मराठीत बोलता येते. तुकडे सगळे आहेत. ते एकमेकांना जोडलेले नाहीत. कर्करोग रुग्णालयातून रुग्ण निघतो तेव्हा त्याच्या गावच्या उपकेंद्राला ते कळत नाही, आणि उपकेंद्राला कळते तेव्हा बऱ्याचदा उशीर झालेला असतो. घरी पाठवताना त्या कागदावर उपकेंद्राचा, आशाताईचा आणि रुग्णालयातल्या परिहार सेवा विभागाचा, असे तीन फोन क्रमांक लिहिले आणि रुग्णासमोरच एक फोन लावून दिला, तर यंत्रणेवर फारसा खर्च न पडता ही साखळी जुळू शकते.

एक गोष्ट मात्र विसरून चालणार नाही. आशाताईंच्या डोक्यावर आधीच कामांचा ढीग आहे. मरणाविषयी बोलणाऱ्या माणसाजवळ बसणे हे त्यांच्या यादीतले आणखी एक टिकमार्क होऊ नये. त्यासाठी प्रशिक्षण, वेगळा मोबदला आणि आठवड्यातून एकदा अनुभवी समुपदेशकाशी बोलण्याची सोय हवी. गोव्यातही समुपदेशक एकमेकांच्या बैठका ऐकून त्यांवर चर्चा करत, आणि कामाचा दर्जा त्यामुळे टिकला.

भाषा, जीभ आणि फोन

‘तुम्हाला गेल्या दोन आठवड्यांत निराश वाटले का?’ या छापील प्रश्नाला सीमेवरच्या गावात बहुधा ‘नाही’ असेच उत्तर मिळते. तिथला माणूस म्हणतो, ‘‘कशातच मन लागंना’’, ‘‘करमंना’’, ‘‘जीव घाबरा व्हायलाय’’. अनेक घरांत दखनी किंवा कानडी बोलली जाते. आधार देणाऱ्याला ही बोली समजली पाहिजे. पुस्तकी मराठीत भाषांतर केलेले ॲप पहिल्या पडद्यावरच बंद होईल.

या भागात तंबाखू आणि गुटख्यामुळे तोंडाचा कर्करोग पुष्कळ पुरुषांना होतो. शस्त्रक्रियेत जिभेचा किंवा जबड्याचा भाग गेलेल्या माणसाला फोनवर बोलता येत नाही. बोललेले समजत नाही म्हणून तो लोकांत जाणे टाळतो आणि आणखी एकटा पडतो. अशा रुग्णाला लिखित संदेशांवर चालणारा संवाद फार उपयोगी ठरतो. ज्याला लिहिता येत नाही त्याच्यासाठी चेहऱ्यांची चित्रे आणि शून्य ते दहा आकड्यांची पट्टी पुरते. समोरचा बोलतो, रुग्ण बोट ठेवून उत्तर देतो.

बायकांची अडचण निराळी. घरातला स्मार्टफोन बहुधा मुलाच्या खिशात असतो. सासू, सुना, पाहुणे असलेल्या दोन खोल्यांच्या घरात स्तनाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबद्दल कोण मोकळे बोलेल? म्हणून वेळ तिने ठरवावी. सगळे शेतावर गेल्यावरची दुपार बहुतेकींना सोयीची पडते. साधा हेडफोन असला तर निदान समोरचे प्रश्न इतरांच्या कानी पडत नाहीत. आठवड्यातल्या एका ठरलेल्या तासाला आशाताई स्वतःचा फोन घेऊन येऊ शकते. कॉल रेकॉर्ड होतो का, माहिती कोणाला दिली जाते, हे आधी विचारण्याचा हक्क रुग्णाला आहे.

लपवाछपवी

‘‘त्यांना काही सांगू नका हो, साधी गाठ आहे म्हणून सांगितलंय.’’ हे वाक्य प्रेमापोटीच येते. पण ज्याला बार्शीला किंवा ‘टाटा’ला नेले त्याला त्या नावांवरूनच आजार कळलेला असतो. घरच्यांना वाटते त्याला माहीत नाही. त्याला वाटते आपल्याला कळले हे घरच्यांना कळू नये. दोघेही एकाच छताखाली एकेकटे रडतात. इथे घाईने सत्य सांगून टाकणे हा उपाय नाही. अनुभवी समुपदेशक आधी रुग्णालाच विचारतो, ‘‘आजाराबद्दल तुम्हाला काय वाटतं? आणखी काही जाणून घ्यायचं आहे का?’’ ज्याला नको त्याच्यावर माहिती लादायची नसते. ज्याला हवे त्याला झेपेल तेवढे, टप्प्याटप्प्याने सांगायचे असते. मुलगा पुण्यात नोकरीला आणि आई-वडील गावात अशी पुष्कळ घरे आहेत. तिघांना एका व्हिडिओ कॉलवर आणून हे बोलणे घडवणे हा ऑनलाइन पद्धतीचा मोठा फायदा आहे.

सेवा करणाऱ्यालाही आधार लागतो. रात्रंदिवस उशाशी बसणारी बायको किंवा सून स्वतःच्या थकव्याबद्दल बोलायला लाजते. तिच्यासाठी आठवड्यातली पंधरा मिनिटे राखून ठेवली तर त्याचा फायदा रुग्णालाही होतो.

फोनवरून जे होत नाही

काही गोष्टी पडद्यावरून करता येत नाहीत, करूही नयेत. तीव्र वेदनेवर तोंडाने घ्यायचे मॉर्फिन हे स्वस्त आणि परिणामकारक औषध आहे. वेदनेसाठी, योग्य मात्रेत, देखरेखीखाली घेतले तर व्यसन लागण्याची भीती फारच कमी. बद्धकोष्ठ मात्र होतो, म्हणून सोबत रेचक द्यावे लागते. अमली पदार्थविरोधी कायद्यात २०१४ साली दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ते ठेवणे सोपे झाले. पण मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार अशी औषधे फोनवरून लिहून देता येत नाहीत. म्हणून मोठ्या रुग्णालयातून निघण्यापूर्वीच ‘दुखणे वाढले तर मॉर्फिन कुठे मिळेल?’ हा प्रश्न विचारून घ्यावा. ठणक्याने तळमळणाऱ्या माणसाला आधी वेदनाशमन आणि मग समुपदेशन, हा क्रम बदलू नये.

जोराचा रक्तस्राव, श्वास लागणे, सतत उलट्या, अचानक भ्रमिष्टासारखे बोलणे, पाय लुळे पडणे किंवा लघवी अडकणे, यांत १०८ ला फोन करून रुग्णालय गाठावे. ‘मला संपवून टाकावंसं वाटतं’ असे रुग्ण म्हणाला तर ते बोलणे कधीच उडवून लावू नये. त्याला एकटे सोडू नये, औषधे व शेतातली कीटकनाशके हाताबाहेर ठेवावीत आणि त्याच दिवशी डॉक्टर किंवा १४४१६ शी बोलावे.

आणखी एक धोका त्याच मोबाईलमध्ये दडलेला आहे. ‘चौथ्या टप्प्याचा कॅन्सर मुळासकट बरा’ असे सांगणारे व्हिडिओ हताश घरांना बरोबर शोधून काढतात. खरा मार्गदर्शक रोग बरा करण्याचे आश्वासन देत नाही, चालू औषधे बंद करायला सांगत नाही, आगाऊ पैसे मागत नाही आणि स्वतःची पात्रता व संस्था विचारल्यावर सांगतो. या चारांपैकी एकही गोष्ट खटकली तर फोन ठेवून द्यावा.

ज्या घरात असा रुग्ण आहे त्यांनी या आठवड्यात तीन कामे करावीत. आशाताईला व उपकेंद्राला रुग्ण घरी असल्याचे कळवावे. जिथे उपचार झाले त्या रुग्णालयात परिहार सेवा आणि फोनवरच्या सल्ल्याची सोय विचारावी. आणि संध्याकाळी टीव्ही बंद करून रुग्णाजवळ बसावे, ‘‘आज जिवाला कसं वाटतंय?’’ एवढे विचारावे आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहावे. उत्तर लगेच येणार नाही. दुसऱ्या, तिसऱ्या दिवशी येईल. ते ऐकल्यावर पुढे काय करावे हे सुचले नाही, तर तो प्रश्न घेऊन फोन लावायला आता जागा आहे.